ग्रेवर रंग चढवला की चित्र मळकट का होतं, आणि कुठून तपासायला सुरुवात करायची

दिवाळीच्या आसपास भाचीने व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवलं. जेजुरीच्या पायऱ्या, सोमवतीची गर्दी, मागे दीपमाळा आणि वर उधळलेला भंडारा. आधी तिने ग्रेमध्ये केलेलं पाठवलं होतं तेव्हा मी खरंच खूश झाले होते, काळ्या दगडावरचं ऊन इतकं छान पकडलं होतं. मग दोन दिवसांनी रंगवलेलं आलं आणि खाली मेसेज, "मावशी, पिवळा अगदी फुल पिवळा घेतलाय तरी भंडारा शेवाळासारखा दिसतोय, काय चुकतंय?"

शेवाळ हा शब्द तिने बरोबर वापरला होता. हिरवट, जड, ओलसर असा काहीतरी रंग आलेला. आणि हे फक्त तिचं नाही, ग्रेमध्ये आधी चित्र पूर्ण करून वर कलर मोडच्या लेअरवर (लेअर म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, मोड म्हणजे तो खालच्या थरात कसा मिसळतो ते) रंग देणारा जवळजवळ प्रत्येकजण इथे एकदा अडकतो, मीही पहिली दोन वर्षं अडकत होते आणि दरवेळी सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा वाढवून बघायचे, त्याने अजून बिघडायचं. म्हणून आता ज्या क्रमाने मी तपासते तोच क्रम इथे लिहिते. मी क्रिटा हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम वापरते त्यामुळे नावं क्रिटातली येतील, पण फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ, प्रोक्रिएट, आयबिस पेंट सगळीकडे गणित तेच आहे, फक्त बटणं वेगळ्या जागी.

आधी पटकन बघून टाकायच्या गोष्टी

रंग उचलताय लाल आणि कॅनव्हासवर उमटतोय राखाडीच, असं असेल तर तो मळकटपणाचा प्रॉब्लेम नाहीच. दोन शक्यता. एक म्हणजे फाइलच ग्रेस्केल आहे, स्कॅन केलेलं पेन्सिल ड्रॉइंग थेट उघडलं की हे फार होतं कारण स्कॅनरने फाइल ग्रेस्केलमध्येच सेव्ह केलेली असते. क्रिटात इमेज मेनूत जाऊन कलर स्पेस आरजीबी (लाल, हिरवा, निळा) करा, फोटोशॉपमध्ये इमेज मग मोड मग आरजीबी. क्रिटात प्रत्येक लेअरलाही स्वतःची वेगळी कलर स्पेस असू शकते, त्यामुळे फाइल आरजीबी असूनही बाहेरून आणलेला एखादा लेअर ग्रेस्केलच राहिलेला असू शकतो, तोही बघा. दुसरी शक्यता, लेअर सिलेक्ट आहे असं वाटतंय पण खरं तर त्याच्या खाली लटकलेला मास्क (लेअरचा कुठला भाग किती दिसावा हे ठरवणारा) सिलेक्ट आहे. मास्कवर रंग नसतोच, फक्त काळं पांढरं आणि मधलं, त्यामुळे तिथे कुठलाही रंग लावला तरी ग्रेच.

तिसरी गोष्ट जी मी खूप जणांच्या स्क्रीनशॉटमध्ये बघितली आहे. क्रिटात वरच्या टूलबारवर एक ब्लेंडिंग मोड दिसतो आणि लेअरच्या खिडकीत एक. वरचा आहे तो ब्रशचा, लेअरचा नाही. लोक वरचा मल्टिप्लाय करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी विसरतात, मग प्रत्येक स्ट्रोक आधीच्या स्ट्रोकवर गडद होत जातो आणि वाटतं लेअरच बिघडलाय. ब्रश नॉर्मलवर, लेअर हव्या त्या मोडवर, हे बघून मगच पुढे जा.

आणि मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर रात्रीचा निळा प्रकाश कमी करणारा फिल्टर चालू असेल तर बंद करा. भाचीने रात्री अकरा वाजता रंगवलं होतं, तेव्हा सगळ्या स्क्रीनवरच पिवळट झाक होती त्यामुळे तिला भंडारा बरा दिसला, सकाळी उघडलं तेव्हा हिरवट.

आता खरं कारण

कलर मोड काय करतो तर वरच्या लेअरमधून रंगाची जात आणि त्याचा भडकपणा घेतो, आणि उजळपणा मात्र खालच्या लेअरचा जसाच्या तसा ठेवतो. म्हणजे तुम्ही खाली जो ग्रे दिलाय तेवढाच उजेड त्या रंगाला मिळणार, एक कणही जास्त नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. जे लक्षात येत नाही ते असं की प्रत्येक शुद्ध रंगाचा स्वतःचा एक उजळपणा असतो आणि तो रंगागणिक प्रचंड वेगळा असतो.

आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो, मग लाल, आणि निळा सगळ्यात कमी. म्हणून उजळपणा काढताना लालला साधारण ०.३०, हिरव्याला ०.५९ आणि निळ्याला ०.११ असं वजन देतात. यावरून हिशोब केला तर शुद्ध लाल ३० टक्के उजळ, शुद्ध हिरवा ५९, शुद्ध निळा फक्त ११, आणि पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, तो तब्बल ८९ टक्के. पांढऱ्याच्या इतका जवळ. ० (काळा) ते २५५ (पांढरा) च्या भाषेत बोलायचं तर पिवळ्याचा ग्रे २२६ आणि निळ्याचा २९.

आता भाचीच्या चित्रात भंडाऱ्याखालचा ग्रे मी आयड्रॉपरने मोजला तर ४५ टक्क्याच्या आसपास (इथे सगळीकडे ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा). ८९ टक्के उजळ असणाऱ्या रंगाला ४५ च्या खोलीत कोंबलं. प्रोग्रॅम बिचारा उजळपणा ४५ वरच ठेवायला बांधलेला, मग तो पिवळा खाली खेचत खेचत साधारण १३०, १३०, ० वर आणून ठेवतो. लाल १३०, हिरवा १३०, निळा शून्य. हा रंग एकटा भरून बघा, कच्च्या ऑलिव्हसारखा हिरवट दिसतो. म्हणजे हिरवा कुठून आला तर कुठूनच नाही, काळोखातला पिवळा आपल्याला हिरवटच दिसतो. हे एकदा डोळ्याने बघितलं की पुन्हा सॅच्युरेशनच्या मागे लागावंसं वाटत नाही, कारण सॅच्युरेशन आधीच फुल आहे.

निळ्याचं उलटं होतं. खाली ७० टक्के ग्रे असेल आणि वर शुद्ध निळा दिलात तर तो १६९, १६९, २५५ च्या आसपास जातो, फिक्कट जांभळट. गडद निळं लुगडं काढायचं होतं आणि ते धुऊन धुऊन विटल्यासारखं आलं, ही तक्रार म्हणजे हेच.

त्यामुळे पहिला उपाय कलर लेअरवर नाहीच, खालच्या ग्रेवर आहे. जिथे पिवळा यायचाय तिथे ग्रे उजळ हवा. भंडाऱ्याच्या बाबतीत एक सोय आहे, हळद लिंबासारखी पिवळी नसते, तिच्यात तांबूसपणा असतो. २३५, १७०, २० असा काहीतरी रंग धरला तर त्याचा उजळपणा ६८ टक्के येतो. म्हणजे भंडाऱ्याचा मधला भाग ६५ ते ७०, उन्हातला भाग ८० च्या वर आणि त्याच्या मागचा दगड २० ते ३० वर दाबून ठेवायचा. मी भाचीला हेच सांगितलं, आणि तिची पहिली काळजी ही की मग माझं ग्रे चित्र बिघडेल. नाही बिघडत, उलट सुधारलं, कारण आधी भंडारा आणि दगड दोन्ही चाळिशीतच होते, डोळे बारीक करून बघितलं तर भंडारा दगडात विरघळून जात होता. ग्रेमध्ये ते लक्षात आलं नाही कारण तिने ब्रशचा पोत वेगळा वापरला होता आणि पोतामुळे वेगळं वाटत होतं.

हे करताना मूळ ग्रे लेअर खोडू नका. त्याच्या वर पण कलर लेअरच्या खाली एक नवीन नॉर्मल लेअर घ्या आणि तिथे उजळ ग्रेने भंडारा पुन्हा उचला. किंवा भंडाऱ्याचं सिलेक्शन करून ग्रे लेअरवर लेव्हल्सचा (गडद उजळ कमी जास्त करणारा) फिल्टर मास्क लावा, सिलेक्शन असताना लावला की तो तेवढ्याच भागावर बसतो आणि नंतर मास्कवर काळं पांढरं रंगवून कमी जास्त करता येतो.

ग्रे तपासायची पद्धतच चुकीची असेल तर

इथे एक मोठा खड्डा आहे. समजा तुम्ही रंगीत चित्र ग्रे करून तपासताय, आणि त्यासाठी सॅच्युरेशनचा स्लाइडर शून्यावर नेताय. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो स्लाइडर एचएसएल पद्धतीने चालतो आणि तिथे उजळपणा म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्याची सरासरी. त्या हिशोबाने शुद्ध पिवळा ५० टक्के आणि शुद्ध निळाही ५० टक्के! दोन्ही एकच ग्रे. हे बघून माणूस म्हणतो अरे माझ्या व्हॅल्यू, म्हणजे गडद उजळच्या पायऱ्या, तर सपाट आहेत, आणि चांगलं चित्र दुरुस्त करत बसतो.

क्रिटात कंट्रोल शिफ्ट यू दाबलं की डिसॅच्युरेटची खिडकी येते, त्यात लाइटनेस, ल्युमिनॉसिटी वगैरे पर्याय असतात, ल्युमिनॉसिटीवाला निवडा. त्याहून सोपं म्हणजे सगळ्यात वर एक काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवा आणि त्याचा मोड कलर करा. काळ्याला स्वतःचा रंग नाही म्हणून खालचं सगळं उजळपणा सांभाळून ग्रे दिसतं. डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून चालू बंद करत राहायचं. मी हा लेअर नवीन फाइल उघडल्या उघडल्याच बनवते, त्याला लाल लेबल लावते आणि लॉक करते, लेबल एवढ्यासाठी की एक्सपोर्ट करताना तो चालू राहिला तर अख्खं चित्र ब्लॅक अँड व्हाइट जातं.

क्रिटात कलर नावाचे मोड एकापेक्षा जास्त आहेत हेही सांगायला हवं. एचएसवाय गटातला जो नुसता कलर आहे तो वर सांगितलेल्या वजनांनी उजळपणा सांभाळतो. कलर एचएसएल, कलर एचएसव्ही, कलर एचएसआय हे वेगळ्या हिशोबाने चालतात. काही जण सांगतात कलर एचएसएल वापर, पिवळा लगेच झकास येतो. येतो खरा, पण तो खालचा ५० टक्के ग्रे मोडून ८९ वर उडी मारतो म्हणून येतो. म्हणजे ज्या ग्रेवर तुम्ही चार तास घालवले ते त्याने बाजूला ठेवले. मुद्दाम ठरवून करायचं असेल तर करा, पण नकळत करू नका.

दोन पद्धती एकात मिसळणं

माझ्या मते निम्म्या मळकट चित्रांचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा थांबते.

शाळेत एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या तयारीला आम्ही वस्तुचित्र करायचो, तांब्याचा लोटा असो, काळी कढई असो किंवा पांढरी बशी, पेन्सिलचं शेडिंग सगळ्याला सारखंच. उजेडाची बाजू कोरी, सावलीची बाजू काळी. म्हणजे प्रत्येक वस्तू जणू प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे असं समजून फक्त उजेड आणि सावली काढायची. ती सवय हातात राहते. डिजिटलमध्येही आपण ग्रे करतो तेव्हा केस, चेहरा, धोतर, दगड सगळं प्लास्टरचं करतो आणि मग वर कलर मोडने रंग देतो. आता काळे केस कुठून येणार? खाली तर उजेडाच्या बाजूला ८० टक्के ग्रे आहे. केस राखाडी येतात, धोतर आणि चेहरा एकाच वजनाचे येतात, सगळ्या चित्रावर एक धुरकट पडदा बसतो.

त्यामुळे सुरुवातीलाच ठरवायचं. एक रस्ता असा की ग्रेमध्येच वस्तूचा स्वतःचा गडदपणाही भरायचा, म्हणजे काळी घोंगडी उन्हातही २५ टक्के आणि पांढरं धोतर सावलीतही ६० टक्के, आणि मग वर कलर मोड. दुसरा रस्ता असा की प्लास्टरसारखी फक्त उजेड सावली एका लेअरवर, तो मल्टिप्लाय मोडवर, आणि त्याच्या खाली सपाट रंगांचा लेअर. दोन्ही रस्ते चालतात. पहिल्या रस्त्याचा ग्रे घेऊन दुसऱ्या रस्त्याने गेलात म्हणजे गडद ग्रे मल्टिप्लाय करून गडद रंगावर टाकलात तर काळोख दोनदा मोजला जातो. मल्टिप्लाय म्हणजे अक्षरशः गुणाकार, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. अर्धा उजेड असलेला रंग अर्ध्या ग्रेखाली गेला की पाव उरतो. पांढरं म्हणजे १, त्याने काही बदलत नाही, म्हणून लाइनआर्टचा पांढरा कागद मल्टिप्लायमध्ये गायब होतो आणि रेघा राहतात, आणि काळं म्हणजे शून्य, त्यात कुठलाही रंग घाला शून्यच.

ही गोष्ट नवीन नाही. घेंटच्या चर्चमधलं व्हॅन आयक बंधूंचं मोठं वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या बाहेरच्या दारांवर दोन संत दगडी पुतळ्यांसारखे नुसत्या ग्रेमध्ये रंगवलेले आहेत, या प्रकाराला ग्रिझाय म्हणतात. तैलरंगात नंतर बऱ्याच जणांनी असा ग्रे थर खाली देऊन वर पारदर्शक रंगाचे पातळ हात दिले. पारदर्शक हात खालच्या थराला गडदच करतो, उजळ करू शकत नाही, म्हणून तो खालचा ग्रे मुद्दाम हवा त्यापेक्षा फिकट ठेवावा लागायचा. मल्टिप्लाय वापरणाऱ्याने हेच करायचं आहे. तुमचा ग्रे एकटा बघताना थोडा फिका, ऊन जरा जास्त झाल्यासारखा वाटला पाहिजे, तरच रंगाखाली तो नीट बसतो.

चेहरा राख फासल्यासारखा दिसतो

बहुतेक व्हिडिओंमध्ये गोऱ्या कातडीचे चेहरे असतात, त्यात चेहऱ्याचा मधला ग्रे ७० ते ८० टक्के घेतलेला असतो आणि तेच डोळ्यात बसतं. आपल्याकडच्या सावळ्या माणसाचा मधला रंग, समजा १६०, १०५, ७० घेतला, त्याचा उजळपणा ४६ टक्के निघतो. ७५ च्या ग्रेवर हा रंग टाकला की तो फिक्कट गुलाबी राखेसारखा होतो, मग आपण अजून तपकिरी टाकतो, तो अजून नारंगी होतो, पण गडद काही होत नाही कारण होऊच शकत नाही. ग्रे आधी चाळीस पन्नासवर आणा. भाचीच्या चित्रात समोर एक म्हातारे वाघे होते, त्यांचा चेहरा ग्रेमध्ये जवळजवळ पांढऱ्या फेट्याइतकाच उजळ होता. चेहरा खाली आणला तशी फेट्याची सफेदी आपोआप उठली आणि कपाळावरचा भंडाराही चमकायला लागला, तिथे एकाही रंगाला हात लावला नाही.

पण ग्रे बरोबर असूनही चेहरा मेणाचा दिसतो त्याचं कारण दुसरं आहे. एकच तपकिरी संपूर्ण चेहऱ्यावर फासला, म्हणजे उजेडात, मध्यात, सावलीत सगळीकडे रंगाची जात एकच, फक्त गडद फिकट. खऱ्या चेहऱ्यावर तसं नसतं, नाक, कान, गाल लालसर, कपाळ जरा पिवळट, हनुवटीच्या आसपास दाढीची निळसर झाक, आणि जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या काठावर रंग सगळ्यात भडक.

यासाठी ग्रेडियंट मॅप हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे. तो काय करतो, तर ग्रेच्या प्रत्येक पायरीला तुम्ही सांगाल तो रंग देतो. काळ्याच्या जागी गडद जांभळट तपकिरी, तिसाच्या आसपास वीटकरी, पन्नासला कातडीचा मूळ रंग, ऐंशीला फिक्कट पीचसारखा. क्रिटात फिल्टर्स मेनूत मॅपच्या खाली मिळेल, पण थेट मारू नका, फिल्टर मास्क म्हणून लावा म्हणजे नंतर रंग बदलता येतील. दगडाला वेगळा ग्रेडियंट, कातडीला वेगळा, भंडाऱ्याला वेगळा. भंडाऱ्याला मी सावलीत गडद नारंगी, जवळजवळ विटेसारखा दिला, मध्ये हळद आणि वर फिका पिवळा. हिरवा शिरायला जागाच राहत नाही कारण गडद पिवळा असा रंग त्या ग्रेडियंटमध्ये कुठेच नाही. मग त्याच्या वर कलर मोडचा एक लेअर २०, ३० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे अर्धवट पारदर्शक, घेऊन गाल, नाक, कान हाताने. उतरणीवर पट्टे दिसायला लागले तर फाइल ८ बिटची १६ बिट इंटिजर करा, बरंच कमी होतं.

मल्टिप्लायच्या रस्त्याने जात असाल तर हीच गोष्ट सावलीच्या रंगाने साधायची. नुसत्या ग्रेने गुणलं की लाल हिरवा निळा तिन्ही सारख्या प्रमाणात कमी होतात आणि सावली मेलेली दिसते. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळसर उजेड येतोच, त्यामुळे १७०, १५०, १९० असा फिका जांभळा घेऊन बघा. फक्त पिवळ्यावर हा जांभळा जपून, दोघं एकमेकांना मारतात आणि परत तोच मळ. भंडाऱ्याच्या सावलीसाठी वेगळा मल्टिप्लाय लेअर, फिक्या नारंगीचा.

काही जागी रंग लागतच नाही

पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या जागेवर कलर मोड किंवा ओव्हरले हा मोड काहीच करू शकत नाही. उजळपणा शून्य ठेवून फक्त काळा येतो, शंभर ठेवून फक्त पांढरा. म्हणून ग्रे करताना मी ८ ते १० च्या खाली आणि ९२ च्या वर जात नाही. शेवटी डोळ्यातला ठिपका, पितळी घंटेवरची चमक वगैरे रंग झाल्यावर वेगळ्या नॉर्मल लेअरवर देते. आधीच जाऊन बसला असाल तर ग्रे लेअरवर लेव्हल्स लावा आणि खालच्या आउटपुटच्या दोन टोकांना थोडं आत घ्या, काळ्याचं २० आणि पांढऱ्याचं २३५ च्या जवळ.

लेअरची रचना फसलेली असेल तर

लेअर खूप झाले म्हणून कलरचे सगळे लेअर एका ग्रुपमध्ये टाकले आणि अचानक चित्र सपाट रंगाचं झालं, खालचा ग्रे गायब. हे क्रिटात हमखास होतं, विशेषतः फोटोशॉपवरून आलेल्यांना, कारण फोटोशॉपचा नवा ग्रुप मुळात पास थ्रू असतो आणि क्रिटाचा नसतो. पास थ्रू नसला की ग्रुपच्या आतले लेअर फक्त ग्रुपच्या आतलंच बघतात, तिथे ग्रे नाही म्हणून कलर मोडला धरायला काहीच नाही, तो साधा रंग होऊन बसतो. ग्रुप पास थ्रू करा किंवा ग्रुपचाच मोड कलर करा. लाइनआर्ट मल्टिप्लायवर होती आणि ग्रुपमध्ये गेल्यावर पांढरा कागद सगळं झाकून बसला, हेही याच जातीचं.

रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून इन्हेरिट अल्फा चालू केलं, लेअरवरचं ते अल्फाचं (पारदर्शकतेचं) चिन्ह, आणि तरीही बाहेर जातोय? क्रिटात हा लेअर फक्त लगेच खालच्या एका लेअरला चिकटत नाही, त्या ग्रुपमध्ये खाली जे जे आहे त्या सगळ्याला चिकटतो. सगळ्यात खाली पांढरी पार्श्वभूमी असेल तर ती अख्ख्या कॅनव्हासभर आहे, मग रंगही अख्ख्या कॅनव्हासभर जाणारच. ज्या आकाराला चिकटवायचंय तो आणि वरचे लेअर मिळून वेगळा ग्रुप करा, कंट्रोल शिफ्ट जी दाबलं की क्रिटा स्वतःच असा ग्रुप करून देतो. इथे हा ग्रुप पास थ्रू करायचा नाही, बंदिस्तच हवा. बाकी अल्फा लॉक ही वेगळी गोष्ट आहे, तो त्याच लेअरवर आधी जिथे रंग आहे तेवढ्याच जागेत रंगवू देतो.

फिल टूलने रंग भरला की रेघेच्या कडेला पांढरी किनार राहते. रेघ कडेला एकदम तुटत नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोन तीन पिक्सेल ग्रेचे असतात आणि फिल तिथेच थांबतो. थ्रेशोल्ड (किती वेगळा रंग चालेल) वाढवा, ग्रो (भरलेला रंग किती बाहेर पसरेल) २ पिक्सेल करा आणि रंग रेघेच्या खालच्या वेगळ्या लेअरवर भरा म्हणजे तो रेघेखाली सरकतो. स्कॅन केलेल्या रेघांना कलर टू अल्फा हे फिल्टर मारून पांढरं काढून टाकलं तर कामच सोपं.

आणि लेअर किती ठेवायचे हे मशीनवर आहे. एफोर ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ गुणिले २४८० पिक्सेल, ८ बिटचा एक भरलेला लेअर साधारण ३५ एमबी, १६ बिटला दुप्पट. असे तीस लेअर म्हणजे ८ बिटलाही एक जीबी. चार जीबीच्या लॅपटॉपवर भाचीचं चित्र अडकत होतं ते यामुळेच, म्हणून तिला दगड, माणसं आणि भंडारा असे तीनच ग्रुप करायला लावले.

लेअर कमी करताना एकत्र करायचा क्रम चुकवू नका. कलर मोडचे दोन लेअर आधी आपापसात मर्ज केले आणि मग ग्रेवर ठेवले तर रंग बदलू शकतात, कारण त्यांचा हिशोब ग्रेशी व्हायचा तो आपापसातच होतो. खालून वर जायचं, ग्रेमध्ये पहिला कलर लेअर मिसळायचा, मग त्यात दुसरा. आणि मर्जच्या आधी फाइलची एक कॉपी वेगळ्या नावाने. भाचीच्या फाइलची अशी सहावी कॉपी काल रात्री आली, त्यात भंडाऱ्याच्या सावलीचा नारंगी तिने माझ्यापेक्षाही गडद घेतलाय आणि तो तिथे बरोबर बसलाय, आता फक्त डावीकडच्या दीपमाळेचा ग्रे अजून दहा टक्क्यांनी खाली आणायचा आहे.